आजोबांचा दाखला आणि उंदराचे घरटे

घरात उंदीर झाले आहेत हे सांगायला आपण बायका फार लाजतो. ढेकूण झाले तरी लाजतो, पण उंदराची लाज जास्त. पाहुण्याच्या कानावर गेले की तो आधी मोरीकडे बघतो, मग ओट्याकडे, आणि मनातल्या मनात घरच्या बाईला मार्क देऊन मोकळा होतो. मीही लाजले. या लाजेपायी मी पाच महिने गप्प बसले, आणि २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या घरातला सर्वात मोलाचा कागद गमावला. ती हकिगत सांगते.

आम्ही कल्याण पूर्वेला बैठ्या चाळीत राहतो. आठ खोल्या, वर सिमेंटचा पत्रा, मागे गटार. मी बालवाडीत शिकवते, मिस्टर रेल्वेच्या कारखान्यात होते. मोठा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला आणि धाकटी मुलगी त्या वर्षी बारावी सायन्सला. पावसाळा लागला आणि तांदळाच्या डब्यामागे काळ्या जिऱ्यासारख्या बारीक लेंड्या दिसल्या. मी त्या केरसुणीने झाडून टाकल्या. दुसऱ्या दिवशी परत तेवढ्याच. मग साबणाच्या वडीवर दातांच्या रेघा, मग बटाट्याला भोके, मग मुलीच्या जर्नलचा कोपरा गायब. मिस्टर म्हणाले, "एखादा असेल, जाईल निघून." एखादा नसतो. मादी एकोणीस-वीस दिवसांत वितेते, एका वेळी पाच-सहा पिल्ले, आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः पिल्ले घालायला तयार होतात. तुम्हाला एक दिसला याचा अर्थ भिंतीत त्याचे कुटुंब आहे.

सगळे उपाय केले. आधी शेजारच्या बोक्याला दूध घालून लळा लावला. बोका दूध प्यायचा आणि मुलीच्या गादीवर झोपायचा. उंदीर त्याच्या समोरून जायचा.

मग बाजारातून औषधाच्या वड्या आणल्या, निळसर, मेणासारख्या. या वड्यांत ब्रोमाडायोलोन नावाचे विष असते. त्याने रक्त गोठायचे थांबते आणि उंदीर लगेच न मरता तीन-चार दिवसांनी मरतो. तो कुठे मरायचे ते आपल्याला विचारून ठरवत नाही. आमचा कपाटाच्या मागे भिंतीच्या सांदीत मेला. आठ दिवस घरात उदबत्ती लावून जेवलो. पण त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. एका दुपारी शेजारच्या खोलीतले दोन वर्षांचे बाळ रांगत-चालत आमच्याकडे आले आणि फळीखालून ती वडी काढून हातात घेऊन बसले. तोंडाला निळे लागलेले. त्याच्या आईने जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. नशीब, मुलीने औषधाचे पाकीट फेकले नव्हते. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, "औषध कोणतं? पाकीट आहे का?" नाव कळल्यावर ते म्हणाले की यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासले. बाळाने चाटले असेल तितकेच, काही झाले नाही. पण त्या दोन रात्री त्याची आई आणि मी दोघी जागलो, आणि तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही याचेच मला जास्त लागले.

डॉक्टरांनी तेव्हा आणखी एक सांगितले ते इथे मुद्दाम लिहिते. उंदीर मारायची जी ट्यूबमधली पेस्ट मिळते तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेली तर पहिला दिवस माणूस बरा दिसतो, घरच्यांना वाटते टळले, आणि मग तीन-चार दिवसांनी यकृत निकामी व्हायला लागते. त्यावर उतारा नाही. काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाईड, तिच्यावरही नाही. ज्या घरात लहान मूल आहे, किंवा रागाच्या भरात काही करून बसेल असे तरुण लेकरू आहे, त्या घरात ही पेस्ट असूच नये. एवढे माझे ऐकाच.

वड्या फेकल्या आणि गोंदाची पाटी आणली. पहिल्याच रात्री एक अडकला. रात्री दोन वाजता त्याचे चिरकणे सुरू झाले. मुलगी उठून बसली. दिवा लावला तर तो स्वतःचा पाय ओढून ओढून सोलत होता. मिस्टरांनी पाटी तशीच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली, पण आवाज काही लगेच थांबला नाही. मुलगी म्हणाली, "आई, पुन्हा हे आणू नकोस. उंदीर राहिले तरी चालतील."

तसे ते राहिलेच.

नोव्हेंबरात कॉलेजने मुलीला सांगितले की जातवैधतेची फाईल पंधरा दिवसांत आणून द्या, मूळ कागद दाखवावे लागतील. ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना सांगायला नको. अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० च्या आधी आपला बाप-आजा याच राज्यात राहत होता याचा पुरावा लागतो. ज्यांना शतकानुशतके शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही त्यांनी आजोबांचा शाळेचा कागद दाखवायचा! असो. आमच्याकडे तो होता. माझे सासरे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. गावच्या लोकल बोर्डाच्या मराठी शाळेतून ते १९४७ साली चौथी पास होऊन बाहेर पडले, आणि नंतर मुंबईत गिरणीत लागले. त्या शाळेचा दाखला त्यांनी जन्मभर एका लोखंडी ट्रंकेत जपला. ते वारले तेव्हा शेत नव्हते, सोने नव्हते, ही ट्रंक मिस्टरांच्या वाट्याला आली.

मी ट्रंक पलंगाखालून ओढली. वर सासूबाईंचे इरकल लुगडे होते, त्याला गोल भोक. ते उचलले तर खाली कागदाचा भुगा, कापसासारखा पिंजलेला, त्याची छान वाटी केलेली. वाटीत सहा पिल्ले, गुलाबी, डोळे न उघडलेली, करंगळीच्या पेराएवढी. भुग्यात एका कपट्यावर शाईने लिहिलेले नुसते "मुख्याध्या" एवढेच वाचता येत होते.

मी तिथेच जमिनीवर बसले. रडले नाही, पण हातपाय गार पडले. मिस्टर आले, त्यांनी पाहिले आणि काही न बोलता बाहेर जाऊन ओट्यावर बसले. वडिलांच्या अक्षरातली नाही, पण वडिलांच्या नावाची ती एकच जुनी खूण होती. मुलगी तेवढी शहाणी. तिने पिल्ले त्या भुग्यासकट करवंटीत घातली आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवली. संध्याकाळी करवंटी रिकामी होती. कावळ्याने नेली की आईने, विचारले नाही.

त्या रात्री मी माझ्या मामाला फोन केला.

मामाविषयी थोडे सांगायला हवे. माझे माहेर नायगावची बी.डी.डी. चाळ. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आम्ही नऊ माणसे, त्यात मामा. मॅट्रिकपर्यंत शिकून तो मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात लागला, मूषक संहारक म्हणून. नाव मोठे, काम रात्रीचे. एका हातात बॅटरी, एका हातात काठी. गल्ल्या, बाजार, गटारांच्या कडा फिरायच्या आणि रात्रीत तीस उंदीर मारून सकाळी मोजून द्यायचे. त्यातले काही परळच्या हाफकिन संस्थेत तपासणीला जात, प्लेगचा अंश आहे का ते बघायला. मामा सकाळी घरी आला की आधी नळावर जाऊन साबण लावून आंघोळ करायचा आणि मगच उंबरठा ओलांडायचा. त्याच्या लग्नाच्या बोलणीत "पालिकेत आहे" एवढेच सांगितले होते. चाळीतली पोरे त्याला उंदीरमामा म्हणत, आणि सांगायला लाज वाटते, त्या पोरांत कधी कधी मीही असे.

माझी आई त्याला म्हणायची, "अरे, पंचशील म्हणतोस आणि रात्री तीस जीव घेतोस?" मामा वाद घालत नसे. एकदाच म्हणाला, "अक्का, मी नाही मारले तर हे तुझ्या पोरांच्या उशाला येतील. पण मोजून झाल्यावर मलाही जेवण जात नाही, हे तुला सांगतो." हा प्रश्न त्या दोघांत शेवटपर्यंत सुटला नाही, आणि मलाही त्याचे सरळ उत्तर येत नाही.

त्याचे काम किती गरजेचे होते ते आम्हाला १९९४ च्या सप्टेंबरात कळले. सुरतेत प्लेग, त्याआधी बीड जिल्ह्यात. मुंबईत लोक तोंडाला रुमाल बांधून लोकलमध्ये बसत होते. माझा मुलगा तेव्हा तान्हा. मामाने त्या दिवसांत आम्हा सगळ्यांना घेऊन बसून समजावले. तो वाचणारा माणूस. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पण तो उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून माणसाला होतो हे १८९८ साली पॉल-लुई सायमंड या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले. या दोन सालांच्या मध्ये, १८९७ मध्ये, सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा प्लेग झालेला मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला. मुलगा वाचला, १० मार्चला सावित्रीबाईंना प्लेगने नेले. मामा म्हणाला, "त्यांना पिसवेचं माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. मग आपण का घाण ठेवायची?"

तर हा मामा, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, दुसऱ्या दिवशी दुपारी लोकलने कल्याणला आला. हातात पिशवी, पिशवीत एक पेन्सिल, बॅटरी आणि रांगोळीची पुडी. मला वाटले होते सापळे आणील.

"सापळा नंतर," तो म्हणाला. "आधी ते कुठून येतात ते बघू. आयुष्यभर मारले गं मी. तीस मारले की दुसऱ्या रात्री तीस तयार. दार उघडं आणि ताट वाढलेलं, मग ते का थांबतील?"

त्याने पेन्सिल घेऊन घराचा एकेक कोपरा तपासला. जिथे फट दिसेल तिथे पेन्सिल घालून बघायची. "घूस वेगळी, गटारातला मोठा उंदीर वेगळा. हा घरातला बारका. पेन्सिल शिरली की हा शिरला. याचं डोकं शिरलं की अंग शिरतंच." रात्री झोपण्याआधी त्याने भिंतींच्या कडेने रांगोळीचा पातळ थर पसरला. सकाळी त्यावर पावलांची नक्षी. उंदीर खोलीच्या मधून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. पावलांच्या मागे मागे गेल्यावर वाटा सापडल्या, एकूण पाच. मोरीच्या पाइपाभोवती, दाराच्या खाली, विजेच्या वायरीच्या भोकातून, पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यात, आणि पाचवी ट्रंकेची. कडीजवळ ट्रंकेचे झाकण दबून वाकले होते. मी कितीदा त्या ट्रंकेवर बसून भाजी निवडली असेल! मामाने त्या फटीत पेन्सिल घातली आणि ती सहज आत गेली. तो काही बोलला नाही.

भोके बुजवण्याची त्याची रीत अशी. नुसता कपडा किंवा कागद कोंबायचा नाही, तो त्यांना घरट्यालाच उपयोगी. भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबायची, तिला दात लागत नाहीत, आणि वरून सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून लिंपायचे. दाराला खालून पत्र्याची पट्टी. धान्य सगळे पत्र्याच्या डब्यांत. प्लास्टिकचा डबा त्यांच्या दातांना काहीच नाही, कारण त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि कुरतडल्याशिवाय त्यांना गत्यंतर नसते. रात्री खरकटे ठेवायचे नाही. याला दिवसाला तीन ग्रॅम धान्य पुरते, म्हणजे ओट्याखाली सांडलेले चिमूटभर पोहे ही त्याची पंगत. आणि लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ उडून नाकातोंडात जाते. आधी ब्लीचिंगचे पाणी शिंपडायचे, थोडा वेळ थांबून मग पुसून घ्यायचे, हात साबणाने धुवायचे. २६ जुलै २००५ ला आमच्या चाळीत कमरेइतके पाणी होते. त्यानंतर मुंबई भागात लेप्टोचे किती रुग्ण निघाले हे आठवत असेल. उंदराचे मूत पाण्यात मिसळते आणि पायाच्या जखमेतून रोग आत जातो. तेव्हाही मामानेच आम्हाला अनवाणी फिरू दिले नव्हते.

आमची खोली दोन दिवसांत झाली. पण मामा म्हणाला, "एका खोलीचं बुजवून काय होणार? ते सात खोल्यांत जातील आणि पावसाळ्यात परत येतील." म्हणजे आता चाळीला सांगणे आले. जी गोष्ट मी पाच महिने लपवली ती सात दारांत जाऊन सांगायची! पहिल्या दारात जीभ रेटेना. ती बाई हसली आणि म्हणाली, "अहो ताई, आमच्याकडे दिवाळीपासून आहेत. मी म्हटलं फक्त आमच्याचकडे." चौथ्या खोलीत तेच. सातव्या खोलीत तेच. सगळ्या एकमेकींपासून लपवत होत्या. बाळाच्या आईने तर माझ्याआधी सिमेंटचे पैसे काढून ठेवले. फक्त कोपऱ्यातल्या काका भांडले. ते रोज रात्री मांजरांसाठी भात मागच्या गटारावर टाकत. भूतदया म्हणून. मांजरे किती खात आणि उंदीर किती, हे त्यांना मामाने रात्री बॅटरी मारून प्रत्यक्ष दाखवले. पुढे ते भात वाटीत घालून, मांजर खाईपर्यंत उभे राहून, वाटी उचलून न्यायला लागले. रविवारी आठही घरांची भोके एकदम बुजवली.

आत अडकलेल्यांसाठी मग सापळे. प्रत्येक खोलीत दोन-तीन, भिंतीला लागून, सुक्या बोंबलाचा तुकडा लावून. पहिल्या आठवड्यात चाळीत अकरा धरले. मुलगी म्हणाली दूर सोडून येऊ. मामा म्हणाला, "दूर म्हणजे कुणाच्या तरी दारातच ना? तिथेही बाळ असेल." मग ते काम त्याने स्वतः केले, चाळीच्या मागे, एका फटक्यात, कोणाला बघू न देता. परत आला तेव्हा नळावर जाऊन साबण लावून आंघोळ केली, पूर्वीसारखीच. तिसऱ्या आठवड्यात सापळे रिकामे राहिले आणि रांगोळीवर पाऊल उमटले नाही.

दाखल्याचे काय, ते राहिलेच. दाखल्याची एक पुसट झेरॉक्स मिस्टरांच्या ऑफिसच्या फाईलीत सापडली. तिच्यावर शाळेचा रजिस्टर नंबर होता. मिस्टर आणि मुलगी एस.टी.ने गावी गेले. ती शाळा आता जिल्हा परिषदेची. तिथल्या गुरुजींनी लाकडी कपाटातून जुने रजिस्टर काढले. त्याची डावी कड सगळी खाल्लेली! तिथेही यांचेच भाऊबंद. नंबरांचा रकाना निम्म्या पानावर गेलेला होता. पण गुरुजी भला माणूस. जिथे नंबर शाबूत होते तिथून बोट ठेवून ओळी मोजत खाली आले. पंधराव्या ओळीला सासऱ्यांचे नाव निघाले. बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे साल, सगळे निळ्या शाईत स्वच्छ. मिस्टर सांगत होते, मुलीने त्या ओळीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. गुरुजींनी सही-शिक्क्याचा निर्गम उतारा लिहून दिला. निघताना मुलीने त्यांना पत्र्याच्या कपाटाविषयी विचारले. ते म्हणाले, दोनदा मागणी पाठवली आहे.

फाईल शेवटच्या दिवशी जमा झाली. वैधता प्रमाणपत्र जूनमध्ये हातात आले आणि मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

प्रमाणपत्र आले त्या दिवशी मामाला जेवायला बोलावले. मिस्टरांनी बाजारातून जाड स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणला होता. त्यात उतारा, प्रमाणपत्र, आणि भुग्यातून निवडून ठेवलेला तो "मुख्याध्या" लिहिलेला कपटा ठेवला. झाकण लावले. मामाने हात धुतले, खिशातून पेन्सिल काढली आणि डबा फिरवून फिरवून झाकणाच्या कडेला टोक लावून बघितले.

"नाही शिरत," तो म्हणाला. "ठेव आता वर."